करंगळी एकदा की दोनदा? 'इमेजेस अँड वर्ड्स' ऐकण्याची रीत

इंदूरच्या मराठी घरात ताल नवा नसतो. रामबाग असो की लोकमान्य नगर, घरातलं कुणीतरी कधी ना कधी तबल्याच्या क्लासला गेलेलं असतं. उस्ताद अमीर खाँसाहेब अतिविलंबित झूमरा गायचे आणि झूमरा चौदा मात्रांचा, एवढं तर कुणी न शिकवताच ठाऊक असतं. पण याच घरात मुलाने प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे जड गिटारचं आणि अवघड मोजणीचं रॉक, लावलं की 'काय हा गोंधळ' म्हणत खोलीचं दार ओढून घेतलं जातं. खरं तर त्या गोंधळातली एकेक मात्रा मोजलेली असते. ती मोजायला इंग्रजी शब्द कळायला नकोत, गिटार वाजवता यायला नको. हाताची चार बोटं आणि एक अंगठा पुरतो.

इथे एकच अल्बम घेतला आहे: ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचा 'इमेजेस अँड वर्ड्स'. तो जुलै १९९२मध्ये आला. गाणी ८, एकूण वेळ ५७ मिनिटं. जॉन पेट्रुची (गिटार), जॉन मायुंग (बास) आणि माइक पोर्टनॉय (ड्रम) ही मंडळी बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात १९८५मध्ये एकत्र आली. कीबोर्डवर केव्हिन मूर होता. गायक जेम्स लाब्री कॅनडाचा, तो १९९१मध्ये आला, म्हणजे बँडच्या दुसऱ्या अल्बमला. नवख्यासाठी हाच अल्बम निवडण्याची कारणं तशी घरगुती आहेत. यात घशातून गुरगुरणारं गाणं कुठेच नाही. चाली गुणगुणता येतात. आणि अवघड भाग सोप्या भागांच्या मधोमध बसवलेले असल्याने दम घ्यायला जागा मिळते.

आधी फोन नीट लावून घ्या

हा अल्बम न आवडण्यामागे निम्म्या वेळा कान नसतो, फोनचं सेटिंग असतं.

क्रॉसफेड शून्यावर आणा. बहुतेक अ‍ॅपमध्ये एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळण्याची सोय असते. पार्टीत ती ठीक आहे, इथे ती घात करते. पहिलं गाणं 'पुल मी अंडर' सव्वाआठ मिनिटांच्या आसपास, ऐन भरात असताना कापल्यासारखं थांबतं. तो झटका मुद्दाम दिलेला आहे. क्रॉसफेड चालू असेल तर तो विरघळून जातो, आणि बंद असेल तर लोकांना फाइल बिघडली असं वाटून ते पुन्हा डाउनलोड करत बसतात. फाइल धडधाकट असते.

शफल बंद. अ‍ॅपमधला आवाजाचा दर्जा निदान ३२० केबीपीएस ठेवा. त्या दर्जाने मिनिटाला २.४ एमबी लागतात, अख्ख्या अल्बमला साधारण १३७ एमबी. घरच्या वायफायवर एकदा उतरवून ठेवलं की मध्येच अडकणं नाही.

आवाज समपातळीत आणणारी सोय, नॉर्मलायझेशन, चालूच राहू द्या, पण 'लाउड'वर नको, 'नॉर्मल'वर ठेवा. १९९२च्या सीड्या आजच्या गाण्यांइतक्या ठासून भरलेल्या नसत. ही सोय बंद असली की नव्या गाण्यापाठोपाठ हा अल्बम मवाळ वाटतो. मग माणूस म्हणतो, 'याला कसला दम?' आणि पुढे जातो.

वायरचे हजार-दीड हजारांचे इअरफोन पुरेसे आहेत. दोन्ही कानांत घाला. हे सांगावं लागतं, कारण एक कान घरच्यांसाठी मोकळा ठेवायची आपल्याला सवय असते. जड गिटार डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळी वाजवून ठेवलेली असते. एक कान काढला की अर्धी भिंतच पडते. छोट्या ब्लूटूथ डब्यावर तर दोन्ही बाजू एकत्र मिसळतात, तो डबा पोहे-जिलबीच्या सकाळी वाजू दे. बास अजिबात येत नसेल तर आधी इअरफोनचं रबर बदलून पाहा. कानात हवा राहिली की खालचा आवाज गळतो, आणि सोबत आलेल्या तीन मापांपैकी मधलं माप प्रत्येकाला बसतंच असं नाही.

बास-बूस्ट नको. त्याने ड्रमचा पायाखालचा ठोका फुगतो आणि मायुंगचा बास त्याच्याखाली गाडला जातो. बास स्पष्ट हवा असेल तर इक्वलायझरमध्ये (खालचे-वरचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) ७०० ते १००० हर्ट्झची पट्टी २-३ डेसिबल उचला. बोटं तारेवर घासल्याचा आवाज तिथे ऐकू येतो. आवाजाची एकूण पातळी फोनच्या साठ टक्क्यांपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसासाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत अशी आहे, आणि मेटल ऐकताना बोट नकळत वरच्या बटणावर जातंच.

पहिल्या तीन बैठका

पहिल्या बैठकीत काही मोजू नका. ५७ मिनिटं सलग काढा, रात्री जेवणानंतर, सराफ्यात खायला जायचा बेत नसेल त्या दिवशी. शब्दांचा कागद समोर नको. एवढंच टिपा: कुठे मान आपोआप हलली आणि कुठे कंटाळा आला. कंटाळा बहुतेकांना पाचव्या गाण्यात येतो, त्याबद्दल पुढे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीत पूर्ण अल्बम नको, फक्त चार गाणी, या क्रमाने: पहिलं, दुसरं, सातवं, आठवं. म्हणजे 'पुल मी अंडर', 'अनदर डे', 'वेट फॉर स्लीप', 'लर्निंग टू लिव्ह'.

'पुल मी अंडर' बहुतांशी चारच्या सरळ चालीत आहे, म्हणून ते दार. तीन-चार वेळा ऐकलं की त्याचा मुखडा तोंडात बसतो. शब्द मूरचे आहेत आणि त्यांच्या मागे शेक्सपिअरचा हॅम्लेट उभा आहे. मराठी वाचकाला नाटकातून ती अडचण ओळखीची आहे, बापाचं भूत आणि मुलाची टाळाटाळ. याची एक आखूड केलेली आवृत्तीही फिरते, टीव्हीवरच्या व्हिडिओसाठीची. ती घेऊ नका. लांबी आठ मिनिटांपेक्षा कमी दिसली की समजा चुकीची फाइल आहे.

'अनदर डे' मंद आहे. त्यात सोप्रानो सॅक्सोफोन आहे, तो जे बेकेनस्टाइन या वादकाने वाजवलेला. अल्बम ज्या बेअरट्रॅक्स स्टुडिओत रेकॉर्ड झाला तो त्याचाच. गाण्याचे शब्द पेट्रुचीने वडिलांच्या कर्करोगाच्या काळात लिहिले. काहींना हे गाणं गुळगुळीत वाटतं. वाटू द्या. घरातल्या मोठ्यांसमोर लावायचं झालं तर हेच लावावं.

'वेट फॉर स्लीप' अडीच मिनिटांचं, कीबोर्ड आणि गळा एवढंच. त्यातली पियानोची छोटी आकृती पाठ करा. पुस्तकातली ओळ पाठ करावी तशी नव्हे. भांडी घासताना ओठांवर येईल इतकीच. ती आठव्या गाण्यात परत भेटणार आहे. हा सगळा अल्बम आवडण्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी जागा हीच, आणि लोक ती हुकवतात, कारण सातवं गाणं 'छोटं आहे' म्हणून पुढे ढकलतात.

मोजणी: अंगठा आणि चार बोटं

आता मुद्द्याचं. 'लर्निंग टू लिव्ह' लावा. साडेअकरा मिनिटांचं आहे. आज फक्त सुरुवात घ्यायची, कीबोर्डपासून गिटार-ड्रम पूर्ण आत येईपर्यंत.

उजवा हात मांडीवर उताणा ठेवा. अंगठ्याने तर्जनीला स्पर्श: एक. मधलं बोट: दोन. अनामिका: तीन. करंगळी: चार. आता परत फिरा. अनामिका: पाच. मधलं: सहा. तर्जनी: सात. लगेच पुन्हा तर्जनीपासून 'एक'. ही झाली सातची फेरी. यात करंगळीला अंगठा एकदाच लागतो.

आठची फेरी करायची तर चारवर करंगळी, पाचवरही करंगळीच, मग अनामिका, मधलं, तर्जनी. करंगळी दोनदा. एवढाच फरक.

या गाण्याची सुरुवात अशाच सात आणि आठच्या तुकड्यांनी बांधलेली आहे. सातात आठ जोडले की पंधरा. मोजायची मात्रा लहान आणि भरभर धरायची आहे, हे लक्षात ठेवा. पायाने टाचेचे ठोके देत बसलात तर एका फेरीनंतर पाय उलटा पडतो, ठोका मात्रांच्या मधोमध येतो, आणि आपलंच चुकलं असं वाटतं. पाय थांबवा, बोटं चालू ठेवा. एकच क्रम शेवटपर्यंत राहील असंही धरून चालू नका. कान म्हणेल तेव्हा करंगळी एकदा, कान म्हणेल तेव्हा दोनदा. दहा-बारा प्रयत्नांत हात डोक्याच्या आधी ओळखू लागतो. पंचम सवारी हा ताल ऐकलेल्यांना पंधरा मात्रांची भीती वाटायचं कारण नाही, फक्त तिथली तीन-चार-चार-चारची विभागणी इथे लावू नका.

तालाचं शिक्षण झालेल्यांची एक खास चूक इथे होते. सात म्हटलं की त्यांच्या डोक्यात रूपक सुरू होतो: ती ती ना, धी ना, धी ना. म्हणजे तीन-दोन-दोन, आणि समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, 'खाली' (टाळी नसलेली हलकी जागा). रॉकमधला सात बहुतेक वेळा उलट बाजूने बसलेला असतो, दोन-दोन-तीन, आणि पहिली मात्रा सगळ्यात भारी. बोलांत म्हणून पाहा. रूपकाचा सात: 'तकिट तक तक'. इथला सात: 'तक तक तकिट'. बेरीज एकच, चाल वेगळी. तबला शिकलेला माणूस 'बेताल आहे' म्हणून कान फिरवतो तो बहुधा या एका 'तकिट'च्या जागेमुळे.

दुसरा फरक याहून खोल आहे. ख्यालात आवर्तन ठरलेलं असतं. झूमरा धरला की चौदा म्हणजे चौदाच. गवय्या कितीही भटकला तरी सम त्याची वाट पाहत थांबलेली असते, आणि ऐकणाऱ्याचा आनंद त्या परतीत असतो. इथे आवर्तनच लांब-आखूड होतं. सम ज्या जागी अपेक्षित असते तिथे ती नसते, कारण तो खांबच हलवलेला आहे. मग परत यायचं कुठे? सुरावटीवर. मुखड्याची एखादी आकृती, गिटारचा एखादा तुकडा पाच मिनिटांनी फिरून येतो, कधी दुसऱ्या वाद्यावर, कधी दुसऱ्या लयीत, आणि दाद द्यायची ती तिथे. म्हणून वर पियानोची आकृती पाठ करायला सांगितली. आठव्या गाण्याच्या उत्तरार्धात, गिटार आणि ड्रमचा सगळा पसारा आवरत आला की ती हळूच येते. पाठ नसेल तर तो एक गोड पियानो वाटतो, बस्स. पाठ असेल तर हात आपसूक वर जातो.

त्याआधी याच गाण्यात दोन जागा आहेत. एक, साध्या गिटारवरचा स्पॅनिश वळणाचा तुकडा. दुसरी, लाब्रीचा फार वरचा, लांबवलेला सूर. तो सूर आला की आवाज कमी करायची इच्छा होईल. कानाला टोचत असेल तर इअरफोनचा दोष आहे, स्वस्त इअरफोन ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये तिखट असतात. तिथली पट्टी २ डेसिबल खाली घ्या.

'मेट्रोपोलिस' शेवटी घ्या

कंटाळा इथे येतो असं म्हटलं. पाचवं गाणं, 'मेट्रोपोलिस पार्ट वन', साडेनऊ मिनिटं. चार मिनिटं उलटली की गाणं थांबतं आणि वाद्यं सुटतात ती थेट शेवटच्या दीड मिनिटापर्यंत. पहिल्या ऐकण्यात तो भाग म्हणजे जिन्यावरून स्टीलची भांडी घरंगळावी तसा वाटतो. तुम्ही त्याला सलग ऐकताय म्हणून तसं वाटतं. तुकडे करा.

मोबाइलवर व्हीएलसी हे गाणी वाजवायचं अ‍ॅप घ्या आणि त्यात गाण्याची विकत घेतलेली फाइल लावा. त्यात दोन खुणा लावून तेवढाच तुकडा फिरवायची सोय आहे, वेगही कमी करता येतो आणि सूर जागेवर राहतो. वाद्यांचा भाग सुरू होतो तिथून वीस-वीस सेकंदांचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकडा ०.७५ वेगाने पाच वेळा, मग पूर्ण वेगाने पाच वेळा. एका रात्री तीन तुकड्यांहून जास्त नको. चौथ्याला कान ऐकत नाही, नुसता होकार देतो.

पाच फेऱ्या कशा वाटायच्या? पहिलीत फक्त ड्रमरची झांज धरा, बाकी सगळं सोडून. दुसरीत गिटार आणि कीबोर्ड कुठे एकच सुरावट एकत्र वाजवतात ते शोधा. अशा जागा बऱ्याच आहेत आणि त्या सापडल्या की भाग निम्मा सोपा होतो, कारण दोन वाद्यं वाटत होती तिथे एकच ओळ निघते. तिसरीत 'तक' आणि 'तकिट' म्हणत तुकडा बोलून पाहा. कितीही विचित्र आकडा असला तरी तो दोन आणि तीनचीच बेरीज असतो. चौथीत बास. या भागात मायुंग काही क्षण एकटाच पुढे येतो, दोन्ही हातांच्या बोटांनी बासच्या पट्टीवर तारा ठोकत. ती जागा सापडणं म्हणजे हातात नकाशा येणं. तिच्या आधीचं आणि नंतरचं असे दोन भाग मनात पडतात. पाचवी फेरी मोकळी.

मोजणी जुळली नाही तर? एखादी मात्रा गिळली जातेय की जास्त मोजली जातेय ते बघा. बहुतेक वेळा माणूस सवयीने शेवटी एक मात्रा घालून 'तकिट'चा 'तकतक' करतो, म्हणजे तीनाचे चार. आपल्या कानाला चार आवडतात. केरव्यावर वाढलेल्या कानाला तर फारच.

नावातल्या 'भाग पहिला'चा अर्थ लावत बसू नका. तो मुळात गंमतीने टाकलेला होता. दुसरा भाग खरोखर १९९९मध्ये पूर्ण अल्बम होऊन आला.

ड्रमचा आवाज प्लॅस्टिकचा का लागतो

ही तक्रार खरी आहे. निर्माता डेव्हिड प्रेटरने ड्रमच्या ठोक्यांवर आधी रेकॉर्ड केलेले नमुने चढवले, त्यामुळे स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा मुख्य ड्रम, प्रत्येक वेळी हुबेहूब सारखा वाजतो. हाताने वाजवलेल्या ठोक्यात बारीक उन्नीस-बीस असतंच, ते इथे पुसलं गेलं आहे. तबल्याच्या जागी तालयंत्र लावल्यावर जे खटकतं, तेच.

उपाय सोपा आहे. २००८च्या त्यांच्या 'ग्रेटेस्ट हिट' या संग्रहात 'पुल मी अंडर', 'अनदर डे' आणि 'टेक द टाइम' ही तीन गाणी केव्हिन शर्लीने नव्याने मिसळली आहेत. दोन्ही 'पुल मी अंडर' पाठोपाठ लावा आणि पहिल्या मिनिटात फक्त स्नेअर ऐका. नॉर्मलायझेशन चालू ठेवूनच, नाहीतर जे मोठ्याने वाजेल तेच चांगलं वाटेल. आमचं मत विचाराल तर नवा स्नेअर नैसर्गिक आहे आणि जुनी मिसळण जास्त लखलखीत. सवय होईपर्यंत नवी ऐकायला हरकत नाही, पण अल्बम म्हणून जुनाच.

उरलेली तीन

'टेक द टाइम' धावतं, आणि शेवटी गिटार वाजत असतानाच विझत जातं. 'सराउंडेड' सगळ्यात उजळ. कुणी चार दिवस ऐकून थकलं असेल तर त्याला हे द्यावं. 'अंडर अ ग्लास मून'मध्ये साडेचार मिनिटांनंतर येणारी गिटारची तान गिटारवाल्यांमध्ये परीक्षेच्या प्रश्नासारखी धरली जाते; न वाजवणाऱ्यानेही ती एकदा ०.७५ वेगाने ऐकावी, म्हणजे भरभर वाजणाऱ्या सुरांत मींडीसारखं ओढलेलं किती आहे ते कळतं.

दोन आठवड्यांनंतर

बारा-चौदा दिवसांत, रोज अर्धा-पाऊण तास दिलात, तर अल्बम पुन्हा सलग लावा. पहिल्या दिवशी केलेल्या खुणा जवळ ठेवा. कंटाळ्याची जागा हललेली दिसली तर 'मेट्रोपोलिस पार्ट टू'कडे जा, ७७ मिनिटं, कीबोर्डवर जॉर्डन रुडेस, आणि त्यात पहिल्या भागाच्या सुरावटी जागोजागी पेरलेल्या आहेत. त्या ओळखता याव्यात म्हणून पाचवं गाणं आधी अंगवळणी पडलेलं बरं. कंटाळा जिथल्या तिथे असेल तर 'मेट्रोपोलिस' गाळून सात गाण्यांची यादी करा आणि महिनाभर तीच ऐका. त्यात काही कमीपणा नाही.

सोबत हवी असेल तर ती गावातही आहे. निकोटीन हा मेटल बँड इंदुरातच २००६मध्ये उभा राहिला, आणि हे संगीत ऐकणारी, वाजवणारी मुलं तेव्हापासून इथे आहेत. नव्या माणसासोबत ऐकायला बसाल तेव्हा त्याला आधी काही सांगू नका. 'लर्निंग टू लिव्ह' लावा, त्याचा हात मांडीवर उताणा ठेवायला सांगा, आणि करंगळी कधी दोनदा येते ते त्याचं त्याला शोधू द्या.